गाय, गवत आणि माती

बाळकुमच्या पश्चिमेस येऊरचा डोंगर आहे. ते रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मनाई आहे. कुणी भाविक विचारील, "अहो, भुकेल्या गाईला गवतावरून हाकलायचे, ही कसली भूतदया?" प्रश्न खोटा नाही. ज्याचे पोट चार गुरांवर आहे, त्याची तर ती रोजची अडचण.

पण जरा मातीकडेही पाहा. थोडी गुरे चरून गेली तर शेणाने जमिनीला खतच मिळते. तीच गुरे, पुष्कळ आणि रोज, ओल्या जमिनीवर फिरली की खुरांखाली माती दडपते, तिच्यातील बारीक पोकळ्या मिटतात. कोवळी रोपे खाल्ली जातात. मग पाऊस मुरत नाही. वरची कसदार माती घेऊन ओढ्याला पळतो. पुढे गवत नाही, आणि गायही उपाशीच. आजची दया ही उद्याची हिंसा झाली!

तर मग गाय विकायची काय? नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने चराईबंदी केली, पण विळ्याने गवत कापून नेण्यास मोकळीक ठेवली. गवत वाढले, दूधही वाढले. उद्यानाचे नियम निराळे. पण गावोगावच्या गायरानांना हा मार्ग मोकळा आहे.

मात्र एक ध्यानात धरावे. रानाची सावली, पाणी आपण सारेच घेतो; तेव्हा मनाईचा भार एकट्या गुराख्याच्या माथी मारणे हाही अधर्मच. त्याच्या गोठ्यात चाऱ्याची एक पेंढी आपणही टाकावी.