जप्तीचा शेरा आणि वाचलेली एक प्रत

मार्च १९४२मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात छायाचित्रकार डोरोथिआ लँग यांनी एका बंद किराणा दुकानाचे छायाचित्र घेतले. दुकानावर मोठ्या अक्षरांचा फलक आहे: 'मी अमेरिकन आहे'. नुसते चित्र पाहणाऱ्याला तो युद्धकाळातल्या देशप्रेमाचा उमाळा वाटेल. पण चित्रासोबतची नोंद वाचली की अर्थ पार बदलतो. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबर १९४१ रोजी, हा फलक लागला होता. जपानी वंशाच्या लोकांनी किनारपट्टी सोडावी असा हुकूम निघाल्यावर दुकान बंद झाले. मालक कॅलिफोर्निया विद्यापीठाचा पदवीधर होता आणि युद्ध संपेपर्यंत शेकडो इतरांबरोबर त्याची रवानगी सरकारी छावणीत होणार होती. ही नोंद सरकारी, छायाचित्रकार सरकारी पगारावरची, आणि चित्रही आज सरकारच्याच राष्ट्रीय अभिलेखागारात. ज्याने अन्याय केला त्यानेच त्याचा पुरावा सांभाळावा, हे विचित्र वाटेल. पण अमेरिकेच्या सरकारी दप्तराचे खरे मोल मला यातच दिसते. सरकार खरे बोलते, असे मानून हे दप्तर वाचायचे नसते. कारभार कागदावाचून चालत नाही, कागद एकदा फायलीला लागला की कधी कधी टिकतो, आणि टिकलेला कागद पुढे लिहिणाऱ्याच्याच विरुद्ध उभा राहू शकतो. मात्र त्यासाठी चित्र आणि कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात. एकटे चित्र फार कमी सांगते, आणि कधी कधी चुकीचेही सांगते.

१९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली. त्या आदेशाच्या जोरावर पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरेदारे, शेते, दुकाने सोडायला लावून काटेरी तारांच्या आत डांबले गेले. त्यांतले जवळजवळ दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. या स्थलांतराची चित्रे घेण्यासाठी छावण्या चालवणाऱ्या सरकारी खात्याने लँग यांना नेमले. काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे आणि बंदूकधारी शिपाई टिपायचे नाहीत, अशी बंधने त्यांच्यावर होती. त्यांनी मग जे टिपता येत होते तेच इतक्या जवळून टिपले की मनोऱ्यांची गरज उरली नाही: कोटाला कुटुंबाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधून बसची वाट पाहणारी मुले, टॅनफोरानच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यांत मांडलेले संसार, मॅन्झानार छावणीच्या बराकींवरून घोंगावणारे धुळीचे वादळ. लष्कराला ही चित्रे पाहताच त्यांची धार कळली. युद्ध संपेपर्यंत ती दडवून ठेवली गेली; काहींवर तर 'जप्त' असा शेराच मारला. पण ती जाळली नाहीत. युद्धानंतर ती मुकाट्याने राष्ट्रीय अभिलेखागारात जमा झाली. बंदिवानांकडे स्वतःचे कॅमेरे ठेवायला मनाई होती. तरी मॅन्झानारमध्ये टोयो मियाताके या बंदिवान छायाचित्रकाराने भिंग लपवून आत नेले आणि लाकडी पेटीचा कॅमेरा तयार केला. याउलट त्याच छावणीत १९४३मध्ये बाहेरून आलेले छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी काढलेली चित्रे बघावीत. उजळ, हसरे चेहरे, पाठीमागे सिएरा नेवाडाचे भव्य डोंगर. हे लोक किती निष्ठावान आणि खंबीर आहेत हे देशाला दाखवावे, असा ॲडम्स यांचा चांगला हेतू होता. तरी कागद न वाचता ती चित्रे पाहणाऱ्याला छावणीचे दिवस बरे गेले असावेत असे वाटण्याचा धोका आहेच.

या लोकांना खरोखर का डांबले, हे मात्र कोणत्याच चित्रात दिसू शकत नव्हते. ते कागदात होते. सरकारची अधिकृत भूमिका अशी होती की निष्ठावान कोण आणि घातकी कोण हे एकेकाला तपासून ठरवायला लष्कराकडे वेळच नव्हता. फ्रेड कोरेमात्सु यांनी हुकूम मोडला आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा १९४४मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी लष्कराच्या गरजेचा हाच युक्तिवाद उचलून धरला. पण पश्चिम विभागाचे सेनापती जॉन डिविट यांचा या हुकुमांवरचा जो अहवाल सरकारने प्रसिद्ध केला होता तो मूळ अहवाल नव्हताच. मूळ मसुद्यात त्यांनी साफ लिहिले होते की प्रश्न वेळेचा नाही. या वंशाच्या लोकांत निष्ठावान आणि बेइमान असा भेद करताच येणार नाही. युद्धखात्याला हे वाक्य न्यायालयात महागात पडेल हे समजले. मजकूर बदलून घेतला गेला, आधीच्या छापील प्रती जाळल्या गेल्या, आणि जाळल्याची रीतसर नोंदही झाली. एक प्रत मात्र सुटली. १९८२मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारात संशोधन करताना आयको हर्झिग-योशिनागा यांच्या हाती ती लागली, समासात हाताने केलेल्या दुरुस्त्यांसकट. किशोरवयात त्या स्वतः मॅन्झानारच्या छावणीत होत्या. त्यांनी इतिहासकाराचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. वर्षानुवर्षे त्या दप्तर वाचत राहिल्या, आणि वाचता वाचता त्यांना त्याची वाटा-वळणे कळली. त्याच सुमारास कायद्याचे अभ्यासक पीटर आयर्न्स यांना न्यायखात्याच्या फायलींत सरकारी वकिलांनीच लिहिलेल्या टिपणांत दिसले की किनाऱ्यावरून शत्रूला रेडिओने इशारे जातात हा लष्कराचा दावा खोटा असल्याचे त्यांना ठाऊक होते. या कागदांच्या बळावर १९८३मध्ये न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी कोरेमात्सु यांची शिक्षा रद्द केली. १९८८मध्ये संसदेने माफीचा कायदा केला आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर भरपाई मंजूर झाली.

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. दप्तर सत्तेचे, शब्द सत्तेचे, मग त्यातून पीडितांचा इतिहास कसा निघणार? आक्षेप अर्धा खरा आहे. छावणीतल्या बाईला रात्री झोप का लागत नसे, हे कोणत्याही सरकारी फायलीत नाही. त्यासाठी १९८१मध्ये या बंदिवासाची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे शेकडो लोकांना उभे राहून बोलावे लागले. अनेक जण चाळीस वर्षांनी प्रथमच बोलले. त्या साक्षींवाचून माफीचा कायदा झाला नसता, हेही मान्य. पण या लोकांवर अन्याय झाला असे ते १९४२पासूनच सांगत होते, आणि न्यायालयाने ऐकले नव्हते. सरकारचे खोटे सरकारच्याच हस्ताक्षरात समोर आले तेव्हा ऐकले. साक्ष आणि दप्तर यांत एक निवडायचे नसते. दुसरा आक्षेप उशिराचा: न्याय येईपर्यंत हजारो लोक मरून गेले होते. याला उत्तर नाही, आणि देऊही नये. मात्र कागद जळाले असते तर उशिराही न्याय झाला नसता.

आणि आता सारे संगणकावर आले आहे, चित्रे तर सर्वांना फुकट वापरता येतात, मग काळजी कशाची, असेही म्हटले जाते. पण पडद्यावर फिरते ते बहुतेक वेळा नुसते चित्र. त्यामागची नोंद आणि शेजारची फाईल गळून पडते. शिवाय अमेरिकी सरकार जे कागद निर्माण करते त्यांतले जेमतेम एक ते तीन टक्के कायम जतन होतात. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवणाऱ्यावर त्या दिवशीच्या सत्तेचा हात असू नये, म्हणूनच १९८५मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराला इतर खात्यांपासून वेगळे करून स्वतंत्र दर्जा दिला गेला, आणि त्याच्या प्रमुखाची, म्हणजे अभिलेखपालाची, निवड पक्षनिष्ठा न पाहता केवळ पात्रतेवर व्हावी असे कायद्यात लिहिले गेले. फेब्रुवारी २०२५मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अभिलेखपाल कॉलीन शोगन यांना पदावरून काढले. या पदावरचा माणूस राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर राहणे मला अत्यंत धोक्याचे वाटते. डिविट यांच्या अहवालाच्या प्रती जाळणाऱ्यांना असाच आज्ञाधारक अभिलेखपाल हवा असता.