दाराशी पडलेला लाजरस



आपल्या धर्मग्रामाच्या वेशीवर कचरा हस्तांतरण केंद्र होणार, ही बातमी आल्यापासून मिस्सानंतर चर्चच्या आवारात दुसरा विषय नाही. घंटागाड्यांतला कचरा तेथे रिकामा करायचा, दाबून मोठ्या वाहनांत भरायचा आणि दूर न्यायचा, अशी ही योजना. कचरा वेळेवर हलला नाही तर दुर्गंधी, माश्या आणि झिरपणारे काळे पाणी आलेच. ते पाणी विहिरींत आणि बावखलांत उतरले तर आपल्या वाड्यांचे काय, ही तुमची भीती रास्त आहे. निवेदनावर मीही सही केली आहे.

तरीही आजच्या शुभवर्तमानाने (लूक 16:19-31) मला अस्वस्थ केले. धनवानाने लाजरसला मारले नाही, हाकललेही नाही. लाजरस दाराशी होता आणि धनवानाने त्याची दखल घेतली नाही, हाच त्याचा अपराध.

आपला कचरा आजवर कोठे जात आला? गोखिवऱ्याच्या भोयदापाड्याला. तेथील ढिगाऱ्यांना वारंवार आगी लागल्या, आसपासच्या कुटुंबांनी तो धूर सोसला. त्यांच्यासाठी आपण कधी सही केली? मीसुद्धा केली नाही.

सेमिनरीत कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याचा एक विचार शिकलो होतो. आपण ज्या नियमाने वागतो तो सर्वांनी पाळावा असे आपल्याला म्हणता येईल का, हे तपासून पाहावे. 'आमच्या गावात नको' असे प्रत्येक गाव म्हणाले, तर ज्याचा आवाज सर्वांत क्षीण त्याच्याच दारात कचरा पडेल. 'आमचा कचरा आम्ही कमी करू' हा नियम मात्र प्रत्येकाला पाळता येईल.

आपल्या आजी-आजोबांना हे शिकवावे लागले नाही. चुलीतली राख, भाजीची देठे उकिरड्यात जात आणि खत होऊन केळीच्या बुंध्याशी पडत. आज आपल्या लग्नाच्या मांडवातून प्लास्टिकचे ग्लास आणि पाण्याच्या बाटल्या पोती भरभरून निघतात. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करावा, हे सरकारने 2016 च्या नियमांत सांगितले. त्याआधी, 2015 साली, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात धरतीचे दुःख आणि गरिबांचे दुःख वेगळे नाही, याकडे आपले लक्ष वेधले होते.

तेव्हा सभेला जरूर या. केंद्र वस्तीपासून किती दूर, कचरा किती तासांत हलणार, काळे पाणी कोठे जाणार, हे निर्भयपणे विचारा. मात्र त्याच निवेदनात भोयदापाड्याच्या कुटुंबांची मागणीही जोडू या. ओला कचरा उद्यापासून आपल्याच वाडीत जिरवू या. चर्चच्या सभागृहात एकदा वापरून फेकायचे प्लास्टिक नको, हा ठराव मी धर्मग्राम मंडळापुढे ठेवणार आहे.

आपल्या दाराशी आणि दारापलीकडे कोण पडले आहे, हे पाहण्याची दृष्टी प्रभू आपणा सर्वांना देवो.

आपला धर्मगुरू