विषाद, औषध आणि अन्वयार्थ

कागल तालुक्यातील बिद्री हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे. तेथील माझे एक शिक्षकमित्र काही वर्षांपूर्वी प्रदीर्घ विषण्णतेने आजारी पडले. "करमंना झालंय, कशातच मन लागंना," एवढेच ते सांगत. घरच्यांनी रीतीप्रमाणे आधी 'बाहेरचं' काही आहे का ते पाहिले आणि मग त्यांना कोल्हापूरला मनोविकारतज्ज्ञाकडे नेले. पाचसहा आठवड्यांत झोप परतली, भूक परतली, ते वर्गावर जाऊ लागले. आणि नेमके तेव्हाच त्यांनी विचारले, "गोळीनं जर हे गेलं, तर ते दुःख माझं होतं कशावरून?" समाधानकारक उत्तर मिळाले नाही, म्हणून त्यांनी गोळी बंद केली. चार महिन्यांनी ते पुन्हा अंथरुणाला खिळले.

हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून बाजूला सारता येत नाही. ज्या जीवशास्त्रीय स्पष्टीकरणाने तो निर्माण केला, त्याच्या इतिहासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि ही वनस्पती जगभर पोचली. तिच्यातून वेगळे काढलेले रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, असे पुढे डॉक्टरांच्या ध्यानात आले. हेच द्रव्य मेंदूतील सिरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन यांचे साठे रिकामे करते, हे १९५० च्या दशकातच प्रयोगशाळेत दिसले. उलट क्षयावरच्या आयप्रोनियाझिडने रुग्ण उल्हसित होत होते. या द्रव्यांचे विघटन ते रोखते. दोन्ही निरीक्षणे जोडून १९६० च्या दशकात सिद्धान्त उभा राहिला, की विषाद म्हणजे या द्रव्यांची उणीव.

या अनुमानातील खोट तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला दिसावी. ॲस्पिरिनने डोके थांबते यावरून डोकेदुखी म्हणजे ॲस्पिरिनचा अभाव, असे ठरत नाही. शिवाय ही औषधे द्रव्यांची पातळी काही तासांत बदलतात, परिणाम मात्र आठवड्यांनी जाणवतो. सिरोटोनिनच्या उणिवेला सुसंगत पुरावा सापडत नाही, असा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्याने काढला. त्यावरून औषधेच निरर्थक, असे म्हणणारे लगेच पुढे आले. पण तेही तितकेच घाईचे. २०१८ मध्ये ५२२ चाचण्यांचे एकत्र विश्लेषण झाले तेव्हा तपासलेली एकवीसही औषधे लटक्या गोळीपेक्षा सरस ठरली, जरी सरासरी फरक माफक होता. म्हणजे गुण येतो आणि कारण पुरते कळलेले नाही. वैद्यकात हे नवे नाही. वकिलांचा लेख आला त्याच वर्षी जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखवला. ते आजही दिले जाते आणि त्याच्या कार्यपद्धतीविषयी अजून वाद चालू आहेत.

मग माझ्या मित्राची चूक कोठे झाली? 'कारण' आणि 'अर्थ' या दोन कोटी त्यांनी एक मानल्या. पण ही चूक त्यांनी आम्हा समीक्षकांकडूनच उचलली, असे मला वाटते. दुःख जितके गडद तितका अनुभव खोल, हे समीकरण आपण वर्षानुवर्षे शिकवले. कवीच्या औदासीन्याला 'अस्तित्वभान' म्हटले आणि त्याच्या न झोपलेल्या रात्रींची चौकशी केली नाही. साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी जीवन संपवले, त्याचा अन्वय आपण ध्येयवादाच्या पराभवात शोधतो किंवा हळव्या स्वभावात. आज त्यांच्यावर रोगनिदान लादणे उद्धटपणाचे होईल. तथापि त्या क्षणी त्यांना उपचाराची गरज होती का, हा प्रश्नही आपल्या चर्चेत उमटत नाही, हे लक्षणीय आहे.

उलट बाजूचा धोकाही खरा आहे. कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याच्या हाती केवळ गोळी ठेवली, की सावकार, बँक आणि शासन तिघेही सुटतात. पण कर्ज हे कारण आहे म्हणून त्याची झोप औषधाने परत आणू नये, असे म्हणणारा माणूस त्या शेतकऱ्याच्या जिवावर स्वतःची विचारसरणी शुद्ध राखत असतो.

येथे बोलीकडे वळणे उपयुक्त ठरेल. 'मला करमत नाही' या वाक्यात 'मी' कर्ता नाही. दुःख 'मला' होते, मी ते करीत नाही. तरीही ते 'मला' होते, शेजाऱ्याला नव्हे. दोषही नाही आणि परकेपणाही नाही, अशी ही चतुर्थी आहे. 'मी डिप्रेस्ड आहे' म्हणताना ती हरवते आणि 'बाहेरचं आहे' म्हणतानाही हरवते.

मित्रांना मी हे व्याकरण सांगितले, तेव्हा ते हसले. व्याकरणाने त्यांचे मन वळले असा माझा दावा नाही. पत्नीच्या आग्रहाने ते पुन्हा दवाखान्यात गेले. नंतर आजारपणातील कवितांची वही त्यांनी मला वाचायला दिली. बऱ्याच कविता एकसुरी होत्या, तसे मी सांगितले. तीन चांगल्या निघाल्या. वहीत तारखा नव्हत्या. कोणती कविता गोळी चालू असताना लिहिली हे त्यांनाही आठवत नव्हते.