हवा सोडण्याचं धाडस

डोंगरदऱ्यांत जीप घालणारी हौशी मंडळी अलीकडे गाडीतच छोटा कॉम्प्रेसर पक्का बसवून घेतात. वाळू किंवा चिखल आला की टायरातली हवा तीस-बत्तीसवरून अठरा-वीस पीएसआयवर उतरवायची. टायर पसरतो, गाडी रुतत नाही. डांबरी लागण्याआधी पुन्हा हवा मारायची. बार्शीच्या माणसाला ही श्रीमंतांची हौस वाटेल. पण रस्ता सोडून रोज चालणारं वाहन आपल्याच अंगणात उभं आहे, ते म्हणजे ट्रॅक्टर. म्हणून हा विषय मला हौसेपेक्षा शेतीचा वाटतो.

चाकाखालच्या मातीवर, निदान तिच्या वरच्या थरावर, किती दाब पडतो हे मुख्यतः टायरातल्या हवेवर ठरतं. एका चाकावर १००० किलो भार असेल आणि आत १५ पीएसआय हवा असेल, तर तो भार ढोबळमानाने १००० चौरस सेंटिमीटर जमिनीवर विसावतो. हवा ३० केली की जागा निम्मी होते आणि मातीवरचा दाब दुप्पट. ट्रॅक्टर तोच, भार तोच, चालवणाराही तोच. फरक फक्त हवेचा.

काळ्या रानात हा फरक महागात पडतो. वाफसा आल्याशिवाय रानात औत घालू नये, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. तरी सोयाबीन परतीच्या पावसात सापडलं की ओल्या रानात मळणीयंत्र न्यावंच लागतं, भरलेली ट्रॉली बाहेर काढावीच लागते. वर उमटलेल्या चाकोऱ्या नांगरटीनं बुजतात. खाली दबलेली माती मात्र तशीच राहते. तिथं ढेकळं निघतात, मुळं खाली जायची सोडून आडवी पसरतात आणि पावसाचं पाणी मुरायच्या ऐवजी बांधाकडे धावतं. बार्शी तालुका पर्जन्यछायेतला. रब्बीची ज्वारी इथं जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. ती ओलच मुरली नाही, तर पिकानं उभं राहायचं कशावर?

मग शेतकरी रानात जाताना हवा कमी का करत नाही? कारण सोडलेली हवा परत भरायची कुठं, हा प्रश्न आहे. पंक्चरचं दुकान गावात, रान लांब. दिवसभर पाळी घालून दुसऱ्या दिवशी तूर घेऊन मार्केट यार्डात जायचं, तर कमी हवेवर भरलेली ट्रॉली ओढता येत नाही. टायर तापतो, त्याच्या बाजू चिरतात, तो रिमवर सरकतो. म्हणून माणूस रस्त्याची हवा बारा महिने ठेवतो आणि तिची किंमत रान चुकवतं. पकड मिळेना झाली की मागच्या टायरात पाणी भरायचं, ही आपली रूढ युक्ती. त्यानं पकड येते, पण वजनही वाढतं. हवा उतरवली तर तीच पकड बऱ्याच अंशी वजन न वाढवता मिळते.

इथं मला यंत्राहून मोठी गोष्ट दिसते. हातातलं सोडायचं धाडस माणसाला तेव्हाच होतं, जेव्हा ते परत मिळवायची सोय त्याच्याजवळ असते. ज्याच्या घरात दाणा नाही त्याला उपासाचं माहात्म्य सांगू नये. जमिनीला जपा असा उपदेश शेतकऱ्याला करणारे पुष्कळ आहेत. जपणं परवडावं अशी सोय करून देणारे थोडे. ट्रॅक्टरवर बसवलेला कॉम्प्रेसर ही तशी सोय आहे.

भार वाटून द्यावा, हा विचार बार्शीला नवा नाही. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागलेली बार्शी लाईट रेल्वे याच तत्त्वावर उभी होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं ७६२ मिलिमीटर रुंदीच्या त्या मार्गावर एका ॲक्सलवर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, असं ठरवून इंजिनं आणि डबे घडवले. इंजिन जड करायचं तर ॲक्सल वाढवले. त्यामुळे हलक्या रुळांवरून भरपूर माल नेता आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ‘डक’ नावाच्या, पाण्यात आणि जमिनीवरही चालणाऱ्या ट्रकच्या चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमीजास्त करता येत असे. म्हणून तो किनाऱ्याच्या वाळूतूनही बाहेर पडे. खालची जमीन काय पेलू शकते, हे आधी पाहायचं आणि मग गाडीनं वागायचं, हे शहाणपण दोन्हीकडे सारखंच आहे.

ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर चढवणं हेही आमच्याकडे अपरूप नाही. विहीर पाडताना कातळाला भोकं घेणारी यंत्रं ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरवरच चालतात. टायरसाठी त्याहून फार लहान यंत्र पुरतं. मात्र जीपचा बारा व्होल्टचा अगदी छोटा पंप ट्रॅक्टरच्या मागच्या टायरापुढे दमतो; इंजिनाच्या ताकदीवर फिरणारा कॉम्प्रेसर बरा. बसवताना त्याची हवा ओढायची नळी धुरळ्यापासून उंच, फिल्टरसह असावी. खाली रबराच्या गाद्या असाव्यात, नाहीतर हादऱ्यानं बोल्ट ढिले होतात. विजेवरचा असेल तर जाड वायर, रिले आणि बॅटरीलगत फ्यूज हवाच. टाकी असेल तर सेफ्टी व्हॉल्व्ह हवा आणि तळाला साचणारं पाणी काढायला कॉक हवा.

कॉम्प्रेसर आला म्हणून वाफशाची वाट पाहणं सुटत नाही. हवा उतरवून वरचा थर वाचतो. खोलवरची माती दबते ती एकूण वजनानं, आणि त्यावर उपाय वजन कमी ठेवणं हाच. शिवाय हवा किती उतरवायची हे टायर कंपनीच्या तक्त्यावरून ठरवावं, अंदाजानं नव्हे.

एकट्या शेतकऱ्याला हा खर्च जड वाटेल. म्हणून भाड्यानं ट्रॅक्टर देणाऱ्यांनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आधी पुढं यावं, कारण त्यांची चाकं गावभरच्या रानात फिरतात. आणि वाचणाऱ्या शेतकरी बांधवांना एवढंच सांगणं, की यंदा रब्बीच्या पेरणीआधी टायरातली हवा मोजून घ्या. ती रस्त्यासाठी भरलेली असेल, तर रानात शिरण्यापूर्वी उतरवा आणि ती परत भरायची सोय ट्रॅक्टरवरच करून ठेवा.