काट्यावर न येणारं पाणी

उसाची गाडी काट्यावर चढते, आकडा उमटतो, पावती हातात पडते. तिथून पुढं साखर कारखान्याचा हिशेब फार बारीक असतो. एका टनातून साधारण 100 ते 110 किलो साखर, पावणेतीनशे किलोच्या आसपास बगॅस, चाळीसेक किलो मळी, जवळपास तेवढंच प्रेसमड. बगॅस बॉयलरमध्ये जळून वीज होते, मळीचं इथेनॉल, प्रेसमडचं खत. उसातलं जवळजवळ 70 टक्के वजन पाण्याचंच. वाफ थंड करून ते पुन्हा वापरणाऱ्या कारखान्याला नदीपुढं फारसा हात पसरावा लागत नाही. शाश्वततेचं धोरण म्हणतात ते इथं कागदावर उतरण्याआधी काटकसरीत रुजलेलं आहे. मला या हिशेबाचा मनापासून आदर आहे.

पण तो काट्यापासून सुरू होतो, हे बोचतं.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली. दहा वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. लोकांनी त्या गाडीचं स्वागत केलं. एक टन ऊस वाढायला ढोबळमानानं दीड-दोन लाख लिटर पाणी लागतं. म्हणजे शहराच्या तहानेसाठी पाणी आणणारी ती अख्खी गाडी जेमतेम तीन टन उसाएवढी. काट्यावर एवढं वजन दोन-तीन बैलगाड्यांत येतं. हे गणित केल्यापासून उसानं भरलेली गाडी मला पूर्वीसारखी दिसत नाही.

कारखान्याच्या धोरणाची खरी जागा म्हणून फाटकाबाहेर, सरीत आहे. तिथलं ज्ञान नवं नाही. मुळांना पाणी नको, वाफसा हवा, हे जुना शेतकरीही सांगतो. ठिबक वाफसा राखतं. पाचट न पेटवता सरीत आच्छादलं तर ओल टिकते, खोडव्याला त्याचंच खत होतं. पण दर ठरतो वजनावर आणि साखरेच्या उताऱ्यावर. पाणी वाचवणाऱ्याच्या पावतीत त्याचा एक रुपयाही दिसत नाही. तो दिसावा, टनामागं थोडा का होईना, असं मला वाटतं. ठिबकच्या कर्जाची हमी कारखान्यानं घ्यावी.

वाचलेलं पाणी नोंदवायला सुरुवातीला मोठी यंत्रणाही नको. शेती विभागाचा माणूस नोंदीसाठी बांधावर येतोच. लागणीची तारीख, को 86032 की दुसरी जात, क्षेत्र किती, हे तो लिहून घेतो. त्याच ओळीत पुढं पाण्याच्या पाळ्यांचा एक रकाना आखता येईल.