पथ्य आणि नकार

तंजावूरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८–१८३२) धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे सिद्ध होत. औषध बळाने घशाखाली उतरविता येते; रोजचे अन्न मात्र त्या जिवाने स्वीकारावे लागते. मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने खंगलेले मांजर पथ्याचे कोरडे दाणे हुंगून तोंड फिरवते, तेव्हा ‘भूक लागली की खाईल’ हा घरगुती न्याय क्रूर ठरतो. काही दिवसांच्या उपवासानेही त्याच्या यकृतात चरबी साठून प्राण धोक्यात येतात. शिवाय कोरड्या दाण्यांत पाणी शेकडा दहाच्या आसपास, ओल्या अन्नात पंचाहत्तरच्या. मुळातच थोडे पाणी पिणाऱ्या प्राण्याच्या नकाराला निव्वळ हट्ट कसे म्हणावे? ओले पथ्यान्न किंचित कोमट करून पुढे ठेवावे. तेही नाकारले, तर आवडीचे काही आधी पोटात जावे. पथ्याचा हिशेब वैद्याला विचारून मागाहून.