विमानातला मान कुणाचा?

एकाच कंपनीच्या विमानाने वारंवार प्रवास करणाऱ्याला ती कंपनी चांदी, सोने, प्लॅटिनम असा दर्जा देते. हा दर्जा मिळविण्यासारखा आहे काय? प्रश्न श्रीमंतांचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. पण आपल्या वस्त्यांतून शिकून निघालेली मुलेही आज नोकरीच्या कामासाठी अमेरिकेत जातात, आणि हे दर्जाचे प्रकरण वाढले ते तिथेच. तेव्हा त्याचे मोल तपासून पाहू या.

अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठविणारा कायदा झाला आणि कंपन्यांत चढाओढ लागली. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून अमेरिकन एअरलाइन्सने मे १९८१ मध्ये प्रवाशांच्या मैलांचे खाते ठेवण्यास सुरुवात केली. काही दिवसांतच युनायटेडनेही तेच केले. पुढे मैलांवरून पायऱ्या पडल्या. वरच्या पायरीवरच्याला आधी आत सोडतात, सामानाचे पैसे घेत नाहीत, जागा उरली तर पुढच्या मोठ्या खुर्चीत बसवितात आणि विमान रद्द झाले तर त्याचा फोन आधी उचलतात. यातले शेवटचे तेवढे मला खरोखर मोलाचे वाटते. आधी आत शिरल्याने डोक्यावरच्या कप्प्यात पिशवीला जागा मिळते, इतकेच. विमान काही आधी पोहोचत नाही!

(श्रेणी म्हटले की आपले कान टवकारतात. पण ही पायरी जन्माने कपाळी मारलेली नसून पैशाने मिळविलेली आहे. दोहोंची गल्लत करू नये.)

पोटासाठी ज्याला प्रवास करावाच लागतो, त्याने आपोआप मिळणारा दर्जा नाकारावा असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप आहे तो त्याच्या मागे धावण्याला. वर्ष संपत आले आणि मैल कमी पडले, की केवळ तेवढे भरून काढण्यासाठी विमानात बसून जाऊन परत येणारी माणसे तिकडे आहेत. त्याला 'माइलेज रन' म्हणतात. गावात कुणाला भेटावयाचे नाही, काही पाहावयाचे नाही. आणि मिळविलेला दर्जा मुदतीचा. नवे वर्ष लागले की मोजणी पुन्हा शून्यापासून.

बरे, इतके करून मिळालेला मान आपला तरी असतो काय? गिन्सबर्ग नावाच्या एका यहुदी धर्मगुरूंना नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने २००५ साली प्लॅटिनम दर्जा दिला आणि २००८ साली सभासदत्वच रद्द केले. ते फार तक्रारी करतात, असे कंपनीचे म्हणणे होते. सभासदाने सवलतींचा गैरवापर केला की नाही हे कंपनीनेच ठरवावे, असे नियमांतच लिहिलेले होते. कंपनी सचोटीने वागली नाही, हा त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१४ साली न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की १९७८ च्या त्या कायद्यामुळे असा दावा चालू शकत नाही. म्हणजे देणारा तोच, काढून घेणाराही तोच!

शिवाय पायरीची उंचीही तोच ठरवितो. डेल्टा कंपनीच्या सर्वांत वरच्या 'डायमंड' दर्जासाठी वर्षाला २०,००० डॉलरांच्या खर्चाची अट होती. सप्टेंबर २०२३ मध्ये ती ३५,००० वर नेल्याचे जाहीर झाले. प्रवाशांनी ओरड केली तेव्हा २८,००० वर आली. ओरडणाऱ्यांना तेवढ्यानेही हायसे वाटले असेल.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत जास्त खुपते. अमेरिकन एअरलाइन्समध्ये २०२२ पासून कंपनीच्या क्रेडिट कार्डावरील खरेदीही दर्जासाठी धरली जाते; विमानात पाय न ठेवताही पायरी चढता येते. कार्डावरील या बक्षिसांचा पैसा येतो कुठून? बराचसा दुकानदाराकडून बँक जी कट घेते तीतून. दुकानदार ती मालाच्या किमतीत मिसळतो, आणि ती किंमत रोख देणाऱ्यालाही पडते. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली सर्व प्रकारच्या क्रेडिट कार्डांचा मिळून हिशेब मांडला. रोखीने व्यवहार करणाऱ्या कुटुंबाच्या खिशातून वर्षाला सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्यांकडे जातात, आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाच्या पदरी १,१३३ डॉलर पडतात, असे त्यांना आढळले. रोखीने व्यवहार करणाऱ्यांत गरीबच अधिक.